उलटा सदरा

१३ जुलै, रविवार

हेडसरांनी शेवटी हो म्हणलं. पण कसं, तर दाढ उपटून हातात दिल्यासारखं. "मॅडम, पोरींना जंगलात पळवायचं, त्यात पावसाळा. काही झालं तर तुमचं तुम्ही बघा." बघते की! मी काय आज बघायला लागले का?

चोवीस ऑगस्ट ठरला, पोळ्यानंतरचा रविवार. जिल्ह्यातल्या शाळा येणार, क्रीडा कार्यालयाचे साहेब येणार. खेळ साधा आहे. हातात नकाशा, गळ्यात होकायंत्र. जंगलात ठिकठिकाणी झाडांना केशरी-पांढरी निशाणं बांधलेली असतात. ती क्रमानं हुडकायची, प्रत्येक ठिकाणी आपल्या कार्डाला टोचा मारायचा आणि सगळ्यांच्या आधी परत यायचं. नांदेडला कॉलेजात एनसीसीमध्ये शिकले तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच वेड आहे. खो-खो, कबड्डी सगळेच घेतात. नकाशा वाचता येणारी पोरगी पुढं कुठंच अडत नाही, असं माझं मत आहे, आणि हा खेळ आपल्या शाळेत टिकला पाहिजे. चोवीस तारीख नीट पार पडली तर टिकेल. फसली तर हेडसर तो कायमचा बंद करतील, त्यांनी तसं तोंडावर सांगितलंय.

घरी सांगितलं. स्वप्निल हळदीच्या खुरपणीच्या नादात होता, "बरंय" म्हणला आणि गेला. नवरा असावा तर असा. मामा मात्र ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. मामा म्हणजे माझे सासरे, रामकिशन. सत्तरी ओलांडली.

"म्हंजी वाट हुडकायचा खेळ," ते म्हणाले. "आन हुडकून काय करायचं?"

"परत यायचं."

"परतच यायचं तर जायाचं काहून?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर तोंडाला लावून हसल्या. मी काही हसले नाही. मामांचे टोमणे मला पाठ आहेत. लग्न होऊन माहेरच्या हट्टा गावाहून या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "सूनबाई मास्तरीन मिळाली, पर पोरायला पळायला शिकवती म्हणं. पळायला बी शिकवावं लागतंय व्हय?" ते मी अजून विसरलेले नाही.

२० जुलै, रविवार

दिवसभर रानात. सोबत नववीच्या पोरी. टेकडीमागचं हे वनखात्याचं रान उन्हाळ्यात नुसतं वाळकं सागवान असतं, आता ओळखू येत नाही. वरून पाऊस थांबला तरी सागाच्या पानांवरून तासभर गळत राहतं. चिखल असा की पाय वर येतो, बूट खालीच राहतो. रागिणीचा बूट आम्ही तिघींनी मिळून ओढून काढला.

नकाशात एक अडचण आहे. पळसनाला आणि बिब्याचा नाला शेजारी शेजारी आहेत, आणि दोघांचा तोंडावळा एकच. तसंच वळण, वळणावर तसाच खडक. रागिणी आज पळसनाल्याऐवजी बिब्याच्या नाल्यात शिरली आणि खुशाल पुढं गेली. मी पोरींना बसवून समजावलं, की ही चूक सगळ्यात वाईट, कारण शेजारच्या नाल्यात शिरलं तरी काही वेळ सगळं बराबर जुळतं. वळण जुळतं, खडक जुळतो. माणसाला वाटतं आपण बरोबरच आहोत. कळतं तेव्हा फार पुढं गेलेला असतो.

तिथं शेरडं चारणाऱ्या अनुसयाबाई भेटल्या. रानाच्या कडेलाच त्यांचा शेळ्यांचा वाडा आहे. आमचा अवतार बघून त्यांना हसू आवरेना. मग पोरींना म्हणाल्या, "लेकरं हो, ह्या रानात चकवा हाय बरं. लागला की मानूस घुमून फिरून तिथंच येतंय. मंग पळायचं न्हाई. हुबं ऱ्हायचं, अंगातला सदरा काढायचा, उलटा करून घालायचा. वाट आपसूक दिसती."

पोरी खिदळल्या. मी म्हणलं, "बाई, आमच्याकडं होकायंत्र आहे. चकव्याला म्हणावं, आता तू सदरा उलटा घाल."

आमचं हे बोलणं मी घरी रंगवून सांगितलं. सगळे हसले. मामा म्हणाले, "हसू नगं माय. खरं असतंय ते." काय बोलायचं आता यावर!

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमीची सुट्टी, म्हणून रंगीत तालीम घेतली. बोजवारा. तीन नंबरचं निशाण शेळीनं खाल्लं! अर्धं तोंडात, अर्धं बाहेर. मी ओढतेय, शेळी ओढतेय, आणि अनुसयाबाई मलाच ओरडताहेत, "आवं बाई, पोटात दोरा गेला तर शेळी मरंल की माजी!" आत्याबाईंनी दोन रात्री जागून शिवलेलं निशाण होतं ते.

संध्याकाळी चिखलानं भरून घरी आले तर मामा आले नव्हते. शेतातून यायला त्यांना अंधार पडला. आले ते गुडघ्यापर्यंत भिजून, आणि अंगातला सदरा उलटा. शिलाई बाहेर, खिसा आत. मी म्हणलं, "मामा, असेच गावातून आलात? लोक म्हणतील, सुनेला सासऱ्याकडं बघायला वेळ नाही." ते नुसते हसले आणि पाणी मागितलं. दोन तांबे घटाघटा प्यायले. वय झालं की माणूस गबाळा होतो.

३ ऑगस्ट, रविवार

नकाशा पक्का झाला. मोठ्या कागदावर काढून ओसरीत पसरला होता, तर मामा येऊन उकिडवे बसले. म्हणलं, आलं बोट ठेवायला. पण त्यांनी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "ह्याच्यावर आपलं घर दाव."

"घर नाही यावर. हा रानाचा नकाशा आहे."

"घरच न्हाई?"

"नाही."

"मंग घराकडं कसं यायाचं?"

मी हसले. म्हणलं, घर कुणी नकाशात बघून येतं का मामा? ते पण हसले. तरी जाताना पुन्हा म्हणाले, "एक बारकं घर काढायला काय जातंय तुजं?" हट्टी माणूस. नाही काढलं मी. नकाशाला काही नियम असतात.

११ ऑगस्ट, सोमवार

आज डोकं फिरलं. शाळेतून येताना अनुसयाबाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमचे मामा परवा आमच्या वाड्यापशी आल्ते. सदरा उलटा घालून हुबे. मला इचारून ऱ्हायले, जवळा बाजार गावाची वाट कोन्ती. म्या म्हणलं, दाजी, थट्टा करता का गरिबाची? सारी हयात गेली तुमची हितं."

मी काय समजायचं ते समजले. आमची तयारी कुठवर आली हे बघायला आले असणार, आणि कुणी हटकलं की वाट विचारल्याचं सोंग. घरी येऊन सरळ विचारलं, "मामा, रानात काय काम होतं तुमचं?"

"कवा?"

"परवा. अनुसयाबाईंनी पाहिलं तुम्हाला."

"म्या न्हाई गेलो कुठं."

डोळ्यात डोळा घालून खोटं! आत्याबाई मध्ये पडल्या, "राहू दे गं प्रिया, राहू दे." त्या नेहमी अशाच, नवऱ्याचं झाकायचं. मी जेवले नाही.

शेळ्यांच्या पायी आता प्रत्येक निशाणापाशी एक माणूस राखणीला बसवायचा ठरवलंय. गावातली मोठी माणसं तयार झाली. मामा म्हणाले, "मला बी दे एक. लांबचं दे, पळसनाल्याचं. तिथं म्या म्हशी चारल्यात बारकेपनी. डोळे झाकून जातो." एवढा भांडणाचा दिवस, आणि वर हे. पण लांबच्या ठिकाणी जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. सातवं निशाण त्यांच्या नावावर लिहिलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

मामांनी आज सकाळपासून तीनदा विचारलं, "कवा हाय गं तुजा खेळ?" दर वेळी सांगितलं, चोवीसला. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी ताट आपटलं. छळायची पण काही रीत असते.

पाऊस थांबेना. नाल्यांना पाणी आहे, पण ओलांडता येतं.

२२ ऑगस्ट, पोळा

बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. आमची जोडी दरवर्षी मामाच धरतात, दुसऱ्या कुणाला कासरा देत नाहीत. मारुतीपुढच्या तोरणाखालून बैल निघाले, आणि आम्ही दोघी दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. येईनात. बाकी सगळ्यांचे बैल घरी. शेवटी स्वप्निल बघायला गेला.

तर मामा तिकडं पलीकडच्या गल्लीतल्या सोनाजींच्या दारात! भिकाबाईंना, म्हणजे सोनाजींच्या बायकोला, म्हणून राहिले, "सुमन, ताट आन ना. बैल किती येळ हुबे करायचे?" सुमन आमच्या आत्याबाईंचं नाव. सगळी गल्ली हसून लोटपोट. भिकाबाई लाजून आत पळाल्या. सोनाजी म्हणाले, "रामकिशनदादा, आमची बायको न्यायचा इचार हाय का?" मामाही हसायला लागले मग. शेवटी बैलांनीच ओढत त्यांना घरी आणलं.

मामांना थट्टेची भारी हौस, हे गावाला माहीत आहे. मला मेलीला मात्र परवाच्या पाहुण्यांची धास्ती, त्यात यांचे हे खेळ. आत्याबाई हसल्या नाहीत. मामांना पोळी वाढली ती ताटाबाहेर पडली. दिवसभर उभ्या होत्या बिचाऱ्या.

२४ ऑगस्ट, रविवार, दुपार

शाळेत एकटीच बसून लिहितेय. घरी जायची इच्छा नाही. सगळं संपलं.

सकाळी वेळेवर सगळे जमले. संघ आले, साहेब आले, हेडसर इस्त्रीचे कपडे घालून. राखणीची माणसं आपापल्या ठिकाणी रवाना झाली. मामा तेवढे नाहीत. स्वप्निल वडिलांना दादा म्हणतो; म्हणाला, दादा तर दिवस उगवायच्या आधीच घरून निघाले, मोटरसायकलवर बसा म्हणलं तर ऐकलं नाही. गावाकडून वाट बघावी, तर हा माणूस भलत्याच बाजूनं, सोयाबीनच्या रानातून बाहेर आला. धोतर चिखलानं माखलेलं. आणि सदरा उलटा!

माझा तोल गेला. साहेबांच्या समोर, सगळ्या पोरींच्या समोर म्हणाले, "मामा, आजच्या दिवशी तरी माझी लाज काढू नका! सदरा सरळ घाला आधी. पुन्हा उलटा दिसला ना, तर गावभर सांगेन की माझा सासरा येडा झाला म्हणून."

मोठ्यानं बोलले. लोक हसले. मामांनी तिथंच सदरा काढला. छातीच्या काड्या झाल्यात त्यांच्या, पावसाचं बारीक पाणी अंगावर पडत होतं. खिसा कुठला, बाही कुठली, त्यांना सापडेना, तेव्हा मीच तो ओढून घेतला, सरळ केला आणि त्यांच्या अंगात घातला. ते म्हणाले, "बरं माय. आता न्हाई घालनार उलटा."

मग हातात निशाण दिलं. म्हणलं, पळसनाला, दुसरं वळण, खडकावरचं झाड. बांधायचं आणि तिथंच बसायचं. मी आल्याशिवाय हलायचं नाही. "न्हाई हलत," म्हणाले आणि गेले.

आणि सातवं निशाण कुणालाच सापडलं नाही. एकाही संघाला नाही. झाडावर निशाण नाही, राखणीला माणूस नाही. पाऊस धो-धो सुरू झाला, पोरी नाल्यात वरखाली हुडकत बसल्या. रागिणी सगळ्यांच्या पुढं होती, ती चिंब होऊन रडत परत आली. "मॅडम, तिथं काहीच नाही हो." नाल्याचं पाणी वाढलं म्हणून मलाच शिट्टी वाजवून खेळ थांबवावा लागला. साहेब छत्री झटकत म्हणाले, "मॅडम, मैदानी खेळच बरे." हेडसरांनी फक्त मान हलवली. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हाताऱ्यानं घात केला. सकाळचा राग काढला माझ्यावर. मी हे सगळ्यांसमोर म्हणाले आणि पुन्हा म्हणेन. पाऊस लागला की उठून घरी गेले असतील, चुलीपाशी बसून भजी खात असतील. हिंमत नव्हती तर आधी मागितलंच कशाला सातवं निशाण? आता घरी जाते आणि एकदाचं बोलून टाकते.

२६ ऑगस्ट, मंगळवार, नांदेड

दवाखान्यात बसलेय. मामा आत आहेत. ताप उतरत नाही, छातीत पाणी झालंय म्हणतात.

परवा मामा घरी नव्हते. भांडायला म्हणून मी उंबरा चढले आणि आत्याबाईंनी माझ्या मागं पाहिलं. "ते कुठं हायत?" एवढंच म्हणाल्या.

सगळं गाव निघालं. स्वप्निल बापाला हाका मारत नाल्याच्या काठानं पळत होता, त्याचा आवाज बसला. पळसनाला दुथडी भरून चालला होता, पलीकडं कुणालाच जाता येईना. लोक हळू आवाजात म्हणायला लागले, वाहून गेले असतील. मी ऐकत होते. दुपारी घात केला म्हणत होते तीच मी.

फटफटलं तेव्हा पाणी उतरलं. सगळे पळसनाल्यानं खाली निघाले, मयत हुडकायला. मी ओलाकच्च नकाशा उघडून उभी होते आणि मला रागिणी आठवली. शेजारच्या नाल्यात शिरलेली, खुशाल पुढं चाललेली. मी पळाले. बिब्याच्या नाल्यावर, दुसऱ्या वळणावर, खडकावर झाड आहे, तसंच. झाडाला निशाण बांधलेलं होतं. पाणी लागू नये म्हणून वरच्या फांदीला, दोन गाठी मारून. खाली मामा बसलेले, गुडघे पोटाशी घेऊन. ओठ निळे. हाताला हात लावला तर दगड.

सदरा सरळ होता. बटणं बाहेर, शिलाई आत.

"आलीस?" ते म्हणाले. "म्या न्हाई हललो. लेकरं काय आली न्हाईत इकडं." मग म्हणाले, "घाबरलो गं माय. वाटच दिसंना. सदरा उलटा करावं म्हणलं, पर तू नगं म्हणली व्हतीस."



३१ ऑगस्ट, रविवार, नांदेड

ताप उतरला. जीव वाचला, देवाची कृपा. पण आज दुसरे डॉक्टर आले, डोक्याचे. मामांना विचारलं, वार कोणता, गाव कोणतं, ही कोण. स्वप्निलला ते जळबा म्हणाले. जळबा त्यांचा भाऊ, केव्हाच वारलेला. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे, आजचा नाही, निदान दोन वर्षांचा. रानातल्या थंडीनं आणि तापानं वाढला इतकंच. गेलेली आठवण परत येणार नाही, सांभाळायचं. मग विचारलं, "वाट चुकायचे का? घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

आत्याबाई म्हणाल्या, "मला ठावं व्हतं."

बाहेर बाकड्यावर मी त्यांना विचारलं, "मग मला का नाही सांगितलं आत्याबाई?"

"सदरे म्याच धुते ना. उलटा निघाला की समजायचं, आज बी कुठंतरी फिरत व्हते. म्हणलं, चकवा लागला असंल, देवाला नारळ बोलले. त्यायनी माज्या गळ्याची आन घातल्ती, कोनाला सांगू नगंस म्हणून. सूनबाई शिकलेली हाय, हसंल म्हणले."

मी हसलेच होते. ज्या ज्या दिवशी शिलाई बाहेर दिसली त्या त्या दिवशी हा माणूस आपल्याच शिवारात हरवला होता. घाबरून एकटा उभा राहिला होता, त्याला माहीत असलेला एकच उपाय करून कसाबसा घरी आला होता. आणि घरी मी होते, गबाळा म्हणायला. तरी सातवं निशाण मागितलं त्यांनी. टोमणा नव्हता तो. माझ्या खेळात त्यांना यायचं होतं.

येडा म्हणाले मी त्यांना. सगळ्यांसमोर.

२१ सप्टेंबर, रविवार

मामा घरी आहेत. शाळेत खेळ बंद झाला, हेडसरांनी नकाशे कपाटात टाकून कुलूप लावलं. मी भांडले नाही. त्यांना नवल वाटलं असेल. रागिणी विचारत होती, "मॅडम, पुढच्या वर्षी मैदानावर तरी घ्यायचं का?" तिला म्हणलं, बघू. तिचा काय दोष? माझ्यासारख्या मोठ्या माणसाची मस्ती लेकरांच्या अंगावर आली.

अनुसयाबाई दूध घेऊन आल्या होत्या मामांसाठी, शेळीचं. दारातच डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "त्या दिवशी म्याच हाताला धरून आनलं असतं तर! थट्टा करून ऱ्हायले म्हणलं." मी त्यांना म्हणलं, बाई, तुम्ही मला येऊन सांगितलं होतं. ऐकलं कुणी नाही ते मला माहीत आहे.

मामा बोलतात, पण कुणाशी ते त्यांचं त्यांना माहीत. आत्याबाईंना ओळखतात कधी कधी. मला नाही. मला "बाई" म्हणतात, अहोजाहो करतात. शाळेतल्या कुणी मास्तरीन आल्यात असं वाटतं त्यांना. चहा दिला की म्हणतात, "कशाला तकलीफ घेता?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडते.

१२ ऑक्टोबर, रविवार

सोयाबीन काढणीला आलंय. घरात सगळे शेतावर, मी आणि मामा दोघंच. सकाळपासून त्यांची तगमग चालली होती. दाराची कडी धरायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. "घरला जायाचंय. येळ झाला." मी म्हणलं, मामा, हेच घर आहे तुमचं. त्यांना पटेना. डोळे भेदरलेले. लेकराचे होतात गर्दीत आई सुटल्यावर, तसे.

नकाशाचा एक कोरा कागद घरी राहिला होता. त्यावर मोठं घर काढलं, दार काढलं, दारात लिंब काढला. म्हणलं, हे बघा, आपलं घर. त्यांनी कागद सुलटा धरला, उलटा धरला, मला परत दिला. "छान काढलंय," म्हणाले, कुणा परक्या माणसाला म्हणावं तसं. दोन महिने उशीर झाला मला ते घर काढायला.

परत दाराकडं गेले. आता अंगाला कापरं भरलं होतं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यांना खाली बसवलं, त्यांच्या अंगातला सदरा हळूच काढला, बाह्या ओढून उलटा केला आणि पुन्हा घालायला लागले. अंधश्रद्धा म्हणून पोरींना हसायला लावणारी मी.

एक हात घातला होता, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. इकडं तिकडं पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "उलटा नगा घालू बाई. आमची सूनबाई रागावती."

मी म्हणलं, "नाही रागावणार. मी सांगितलंय तिला."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी दुसरा हात स्वतःच पुढं केला. मी बाही घातली, बटणं आतून लावून दिली.